टोबलेलं जंगल

वृक्षारोपणाच्या भाषणांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. फ्रान्सच्या डोंगराळ मुलखात एक अडाणी मेंढपाळ होता, त्यानं एकट्यानं लाखो झाडं लावून ओसाड प्रदेशाचं नंदनवन केलं, आणि ‘ही सत्य घटना आहे बरं का!’ मग टाळ्या, मग फोटो, मग खड्ड्यात रोप. बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला हे ऐकणं चुकवता येत नाही. आमच्याकडे जंगल इतकं थोडं की झाड हा कार्यक्रमाचाच विषय होऊन बसतो. फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळ पालवणला, सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईत, दोन दिवसांचं वृक्षसंमेलन भरलं होतं आणि त्याचं अध्यक्षपद एका वडाला दिलं होतं. अध्यक्ष काही बोलले नाहीत, हा संमेलनाध्यक्षांमध्ये दुर्मीळ असलेला गुण.

भाषणांतली ती गोष्ट मुळात ज्याँ जिओनो या फ्रेंच लेखकाची. माधुरी पुरंदरे यांनी ती ‘झाडं लावणारा माणूस’ या नावानं मराठीत आणली. हिंदीत अरविंद गुप्तांनी केलेला ‘जिसने उम्मीद के बीज बोए’ हा अनुवाद कार्यकर्त्यांच्या पिशव्यांतून गावोगाव फिरला. सावकाश वाचली तर अर्ध्या तासात संपणारी ही गोष्ट जगभर मुलांचं चित्रपुस्तक म्हणून वाचली जाते, आणि ते विकत घेणारी, भेट देणारी, डोळे पुसणारी माणसं बहुधा मोठी असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की भाषणांत सांगितली जाते ती गोष्ट आणि पुस्तकात छापलेली गोष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकातली जास्त कडक आहे, जास्त हिशेबी आहे, आणि तिच्यात एक भलीमोठी फट आहे. ती फट मला दिंद्रुडला दिसली. पुण्यात बसून हे पुस्तक वाचलं असतं तर ती मला दिसली नसती, असं वाटतं.

कथानक थोडक्यात सांगतो. १९१३ सालच्या सुमारास एक तरुण प्रोव्हाँसच्या उंच माळावरून पायी चाललेला आहे. पाणी नाही, गावं पडलेली, वाऱ्याचा जोर. त्याला एक मेंढपाळ भेटतो. एल्झेआर बूफिए, वय ५५. बायको गेलेली, एकुलता एक मुलगा गेलेला. तो रात्री टेबलावर ओकच्या बिया ओतून एकेक तपासतो, तडकलेल्या बाजूला काढतो, शंभर अस्सल बिया मोजून ठेवतो, आणि दिवसा लोखंडी कांबीनं भोक पाडून त्या मातीत घालतो. पुढे पहिलं महायुद्ध येतं, तरुण सैन्यात जातो. परत येऊन पाहतो तर १९१० साली लावलेले ओक त्याच्याहून उंच झालेले असतात आणि कोरड्या ओढ्यांत पाणी असतं. १९३५ साली सरकारी मंडळ येतं आणि हे ‘नैसर्गिक’ जंगल पाहून चकित होतं. दुसरंही महायुद्ध होतं. १९४५ साली शेवटची भेट होते, तेव्हा म्हातारा ८७ वर्षांचा असतो. १९४७ साली बानोंच्या धर्मादाय आश्रमात तो शांतपणे मरतो.

यातलं काहीही घडलेलं नाही. ‘रीडर्स डायजेस्ट’ या अमेरिकन मासिकानं १९५३ मध्ये लेखकांकडून ‘मला भेटलेला सर्वांत असामान्य माणूस’ अशा विषयावर मजकूर मागवला होता. जिओनोनं हा पाठवला. आधी तो पसंत पडला, मग मासिकानं चौकशी केली, असा कुणी मेंढपाळ मेल्याची नोंद मिळेना, आणि मजकूर परत आला. जिओनोनं त्यावरचा हक्क सोडून दिला, कुणीही छापा म्हणाला. १९५४ मध्ये तो ‘व्होग’ या, चक्क फॅशनच्या, मासिकात आला. त्यांनी दिलेल्या इंग्रजी मथळ्याचा अर्थ होतो, आशा पेरून आनंद पिकवणारा माणूस. अरविंद गुप्तांच्या हिंदी नावात ‘उम्मीद’ बहुधा तिथूनच आली असावी. पुढे १९५७ साली दीन्यच्या एका वन अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात जिओनोनं सरळ कबूल केलं की बूफिए हे काल्पनिक पात्र आहे. लोकांना झाडं आवडावीत, किंवा नेमकं म्हणायचं तर झाडं लावणं आवडावं, हा हेतू होता.

यावर दोन प्रतिक्रिया मी नेहमी ऐकतो. एक, ‘म्हणजे खोटंच की!’ दुसरी, ‘खोटं असलं तरी प्रेरणा तर मिळते ना?’ मला दोन्ही आळशी वाटतात. गोष्ट बनवलेली असेल तर ती कशी बनवली आहे हे पाहायला नको का? जिओनो मानोस्कचा. बँकेत कारकुनी करत स्वतःच्या बळावर वाचून लेखक झालेला. पहिल्या महायुद्धात तो व्हेर्दँच्या आघाडीवर होता आणि तिथून आयुष्यभराचा युद्धविरोधी होऊन परतला. झाडं उगवत असताना दोन्ही युद्धं पानाच्या कडेला होत राहतात आणि म्हाताऱ्याला त्यांचा पत्ताही नसतो, ही रचना त्या माणसाची आहे. आकडे, सालं, गावांची नावं त्यानं अशी पेरली आहेत की वाचणारा साक्षीपुरावा ऐकत असल्यासारखा गप्प बसतो. भाषणवाले ‘सत्य घटना’ म्हणतात, त्यात त्यांचा दोष थोडा आणि जिओनोच्या हिशेबीपणाचं यश जास्त.

आता चित्रांकडे वळतो, कारण त्यांच्यामुळेच हे मुलांचं पुस्तक झालं. १९८५ च्या अमेरिकन आवृत्तीसाठी मायकेल मॅकर्डीनं लाकडी ठशांची काळीपांढरी चित्रं केली. झाडांच्या गोष्टीला लाकडावर कोरून काढलेली चित्रं. कल्पना चांगली आहे, पण ती चित्रं मला जरा मंदिरातल्या शिल्पासारखी वाटतात. म्हातारा पहिल्याच पानावर महापुरुष होऊन उभा राहतो. कॅनडाच्या फ्रेडेरिक बाकनं १९८७ मध्ये या गोष्टीवर अर्ध्या तासाचा चित्रपट केला, रंगीत पेन्सिलींनी हजारो चित्रं काढून. त्याला १९८८ चं ऑस्कर मिळालं, आणि त्याच चित्रांचं पुढे पुस्तक निघालं. बाकचा म्हातारा महापुरुष नाही. तो माळाच्या रंगाचाच आहे. सुरुवातीची पानं इतकी मातकट आणि फिकी की छपाईत काही राहून गेलं असावं असं वाटतं. माणूस, दगड, मेंढी यांच्या कडा एकमेकांत मिसळलेल्या. मग रंग येतो, पण एकदम नाही. कुठल्या पानावर आला हे बोट ठेवून सांगता येत नाही. शेवटी पानं हिरव्यानिळ्यानं भरून जातात. गोष्टीत आहे तेच बाकनं रंगात केलं: रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही, दहा वर्षांनी येणाऱ्याला दिसतो. मजकुराला दागिना म्हणून ही चित्रं आलेली नाहीत. त्यांनी मजकुराचा वेग पकडला आहे, आणि चांगल्या चित्रपुस्तकाची माझी कसोटी तीच.

शहरातल्या जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मला बाकच्या चित्रांची एक प्रत मिळाली होती. ती घेऊन दोन हिवाळे मी दिंद्रुडच्या परिसरातल्या एका हंगामी वसतिगृहात जात होतो. दिवाळी झाली की आमच्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला जातात. मुलं आजी-आजोबांकडे मागे राहतात आणि त्यांच्या जेवणाची सोय शाळेत होते. चित्रं दाखवत मी गोष्ट मराठीत सांगायचो. पहिली अडचण शब्दांची. ओकच्या बीला मराठीत शब्द नाही, कारण आपल्याकडे ते झाड नाही. ‘लिंबोळी’ म्हणावं असा मोह झाला. पण लिंबोळी काही आठवड्यांतच उगवण्याची ताकद गमावून बसते, ती पेरायला पावसाची वेळ साधावी लागते. म्हाताऱ्याच्या सगळ्या वेळापत्रकाचा घोटाळा झाला असता. शेवटी ‘ओकचं बी’ असंच ठेवलं आणि चित्रावर बोट ठेवलं. लोखंडी कांबीचं मात्र कोडं पडलं नाही. चित्र पाहताच एक पोरगा म्हणाला, ‘पहार हाय ती.’ आणि पहारीनं भोक पाडून बी घालण्याला त्यांच्याकडे शब्द तयारच होता: टोबणं. सरकी टोबतात तसं. ‘म्हातारा जंगल टोबायलाय,’ असं एका मुलीनं शेजारच्या लहानग्याला समजावून सांगितलं, आणि माझी दहा मिनिटांची प्रस्तावना वाया गेली.

त्याच मुलीनं, ती सातवीत होती, मला या पुस्तकाचा गाभा दाखवला. बूफिए सांगतो की गेल्या तीन वर्षांत एक लाख बिया लावल्या, वीस हजार उगवल्या, त्यातल्या निम्म्या उंदीर-घुशी आणि दैव खाणार, म्हणजे राहतील दहा हजार. मी पुढे वाचणार तोच तिनं प्रतीच्या मागच्या कोऱ्या पानावर गुणाकार मांडला. रोजच्या शंभर. शंभर गुणिले ३६५ म्हणजे ३६,५००. तीन वर्षांच्या १,०९,५००. ‘मग साडेनऊ हजार कुठं गेल्या?’ थोडा वेळ शांतता. मग तिनंच भागाकार केला आणि सांगितलं, ‘पंच्याण्णव खाडे धरल्यात त्यानं.’

खाडा म्हणजे काय, हे ऊसतोड्यांच्या मुलांना सांगावं लागत नाही. कामाचा बुडालेला दिवस. जिओनोनं हा हिशेब मुद्दाम केला होता की सहज जमला, हे ठरवायला माझ्याकडे साधन नाही, पण आकडा बसतो. वर्षाला बत्तीसेक दिवस आजारपणाचे, बर्फाचे. मी या पुस्तकावर जे काही वाचलं होतं त्यात आशा, श्रद्धा, निःस्वार्थ सेवा असे शब्द होते. खाड्याचा विचार कुणी केला नव्हता, मीही नाही.

त्यानंतर मी पुस्तक आकड्यांच्या अंगानं पुन्हा वाचलं. भाषणात राहतात ते ‘लाखो वृक्ष’. पुस्तकात म्हातारा स्वतः शेकडा ८० तोटा आधी सांगतो, मग उरलेल्याचा निम्मा. पुढे एके वर्षी तो दहा हजारांवर मेपल लावतो आणि एकूणएक मरतात. तो खचतो. पुढच्या वर्षी मेपलचा नाद सोडून बीच लावतो. मेलेल्या झाडांची गणती जिओनोनं गोष्टीच्या ऐन मध्यावर ठेवली आहे. आपल्या राज्याचे आकडे याच्या शेजारी ठेवून पाहावेत. वृक्षलागवडीचं उद्दिष्ट २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी, २०१९ साली ३३ कोटी. हे सगळे लावण्याचे आकडे. बूफिएचा आकडा कायम जगण्याचा असतो. म्हणून त्या मंचावर त्याची गोष्ट सांगितली जाते तेव्हा मला गंमत वाटते. ज्याची साक्ष काढायची तोच विरुद्ध पक्षाचा.

‘एकट्यानं’ हा शब्दही भाषणातला. पुस्तकात १९३५ नंतर एक वन अधिकारी येतो, त्याला खरं काय ते कळतं, आणि तो दोन कामं करतो: बोभाटा करत नाही, आणि तीन रखवालदार नेमून त्यांना असा दम भरतो की लाकूडतोड्यांच्या दारूच्या बाटल्यांना ते बधू नयेत. हा प्रसंग वाचताना आमच्याकडचे मोठे वाचक हटकून हसतात. १९३९ नंतर गाड्या लाकडाच्या गॅसवर चालू लागतात, ओक तोडायला सुरुवात होते, पण रस्ता लांब, वाहतूक परवडत नाही, म्हणून जंगल वाचतं. म्हणजे एक म्हातारा, एक गप्प बसणारा साहेब आणि एक न झालेला रस्ता. एवढं सगळं असलं तर जंगल होतं.

एका ठिकाणी मी चुकलो. सुरुवातीला जिओनो त्या मुलखातल्या कोळसा पाडणाऱ्यांच्या गावांचं वर्णन करतो. हाडवैर, स्पर्धा, थांबत नाही असा वारा, आणि त्यातून येणारं वेड आणि आत्महत्या. त्या शब्दापाशी आलो आणि समोर बसलेली पोरं पाहून मी ते वाक्य गाळलं. यातल्या कुणाच्या घरी काय झालं आहे हे मला माहीत होतं. पुढच्या वर्षी मात्र वाचलं. कुणी काही बोललं नाही. एका मुलानं वाऱ्याचं चित्र पुन्हा काढायला सांगितलं आणि बराच वेळ पाहिलं. मुलांच्या पुस्तकात असं वाक्य असावं का, याची चर्चा मी आजवर परिसंवादांत ऐकली आहे. माझं मत: ते वाक्य काढलं तर पुढचं जंगल शोभेचं होतं. गावं कशानं मरत होती हे सांगितल्याशिवाय ती कशानं जगली हे कळत नाही. आणखी एक. या ‘मुलांच्या’ पुस्तकात मूल जवळपास नाहीच. ती येतात शेवटी, पाण्याच्या मागोमाग, हसत. नायक ५५ वर्षांचा. तेवढ्याच वयाचा झाल्यापासून हे मला बरं वाटतं, हे कबूल करतो.

आता ती फट. निवेदक म्हाताऱ्याला विचारतो, ही जमीन तुझी आहे का? तो नाही म्हणतो. कुणाची? ठाऊक नाही. गावकीची असेल, किंवा कुणा बेफिकीर माणसांची असेल. त्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. जगभरच्या वाचकांना इथे निःस्पृहता दिसते. वसतिगृहात मागे येऊन बसलेल्या एका आजोबांना मात्र ते पटेना. ‘धनी नसलेली जमीन असती का कुठं? हटकलं कसं नाही कुणी?’

हा प्रश्न हलका नाही. मराठवाड्यात गायरानाचा प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी पोटाशी बांधलेला आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह पडीक जमीन कसायला मागत होते. पुढे आमच्याच जिल्ह्यातले एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानातून गायरानधारकांचा लढा चालवला. ‘जग बदल घालुनी घाव’ या त्यांच्या आत्मकथनात त्या मारहाणींचा, खटल्यांचा मुलूख आहे. १९७८ आणि १९९१ चे शासन निर्णय निघाले, अतिक्रमणं नियमित करण्याचे, आणि तरी सातबाऱ्यावर नाव लागायची वाट पाहत माणसं म्हातारी झाली. अशा जमिनीवर उद्या कुणी वनीकरणाचे खड्डे घेतले तर झाड आणि भूमिहीन माणूस समोरासमोर उभे राहतात. ते खड्डे खणायलाही बहुधा रोजगार हमीवरच्या भूमिहीन बायकाच असतात. जिओनोच्या पुस्तकात ही मारामारी नाही, कारण त्यानं गोष्ट सुरू होण्याआधीच माणसं घालवून टाकली आहेत. मुलूख रिकामा असल्याशिवाय त्याचा संत उभा राहत नाही. हा पुस्तकातला लबाडपणा आहे असं मी म्हणणार नाही. युद्धांनी आणि शहरांनी फ्रान्सचे तसे डोंगर खरोखर रिकामे केले होते. पण आपल्याकडचे डोंगर रिकामे नाहीत. ‘बूफिएसारखं व्हा’ असं मुलांना सांगताना शिक्षकानं हे आधी सांगावं.

आणि मेंढरं. भाषणांत हा तपशील मी एकदाही ऐकला नाही. निवेदक १९२० मध्ये परत येतो तेव्हा बूफिएनं धंदा बदललेला असतो. मेंढरं रोपं खातात म्हणून त्यानं ती काढून टाकली, चारच ठेवली, आणि मधमाश्यांच्या शंभर पेट्या घेतल्या. जिओनो हे दोन वाक्यांत उरकतो. माझ्या मते गोष्टीतला सर्वांत मोठा त्याग हाच आहे, आणि लेखकाला त्याची किंमत कळलेली नाही. आमच्या बालाघाटात सीताफळ का टिकलं, तरवड का टिकला? शेरडं त्यांना तोंड लावत नाहीत म्हणून. शेळ्यामेंढ्यांनी नापसंत केलेलं ते आमचं रान. तिथे झाड लावायचं म्हणजे आधी जनावराचा बंदोबस्त, आणि जनावर म्हणजे कुणाची तरी हातची रोकड. पेट्या घ्यायला पैसा लागतो, फुलोरा लागतो, मध विकायला बाजार लागतो. हे सगळं बूफिएला कुठून मिळालं, याबद्दल पुस्तक चकार शब्द काढत नाही.

ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाला मी ही गोष्ट सांगितली होती, माळावर, पुस्तक हातात नसताना. झाडांचे आकडे त्यानं मान हलवत ऐकले. युद्धांचं काही विचारलं नाही. मेंढरं विकल्याचं आलं तेव्हा त्यानं मला थांबवलं.

‘किती व्हती?’

तीसेक, मी म्हणालो.

‘अन् चार ठेवली?’

हो.

तो बराच वेळ आपल्या कळपाकडे पाहत होता. मग म्हणाला, ‘धंदाच सोडला, मंग चार कशाला ठेवली असतील वो?’

घरी येऊन मी पुस्तक पुन्हा उघडलं. जिओनोनं ते कुठेही सांगितलेलं नाही.